क्रूझरवर डबलसीट, घाटात

प्रश्न : माझ्याकडे बजाज अ‍ॅव्हेंजर २२० क्रूझ आहे. आजवर ती मी एकट्यानेच चालवली. आता पत्नीला घेऊन पुण्याहून वाई-पाचगणीमार्गे महाबळेश्वरला जाण्याचा विचार आहे. गेल्या महिन्यात खडकवासल्यापर्यंत डबलसीट गेलो, तेव्हा गाडी मागून खाली बसली, प्रत्येक गतिरोधकावर पत्नीच्या कंबरेला हिसका बसला आणि वळणांवर गाडी जड वाटली. पत्नी साडी नेसून एका बाजूला पाय करून बसते. ही गाडी दोघांच्या प्रवासाला योग्य आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : गाडी योग्य आहे, पण ती अजून एकट्याच्याच मापाने लावलेली दिसते. क्रूझर, म्हणजे बुटक्या आसनाची, लांब आणि आरामशीर मोटारसायकल, चालवणाऱ्याला जे सुख देते, ते मागच्याला आपोआप मिळत नाही. या गाडीच्या दोन चाकांतील अंतर १४९० मिलिमीटर, म्हणजे भरपूर आहे. आपण त्या अंतराच्या आत, खाली बसता. पत्नी मात्र जवळजवळ मागच्या चाकाच्या आसाच्या वर बसते. त्यामुळे मागचे चाक उसळले की तो धक्का तिला जवळपास पूर्ण बसतो, आपल्याला त्याचा काही भागच जाणवतो. खडकवासल्याच्या रस्त्यावर आपल्याला फारसा त्रास झाला नाही आणि तिला झाला, याचे कारण हे आहे. तेव्हा निघण्यापूर्वी एकदा विश्वासू मित्राला गाडी चालवायला देऊन आपण स्वतः अर्धा तास मागे बसून पाहावे, असा आमचा आग्रहाचा सल्ला आहे. मागची गादी किती वेळाने टोचू लागते, पाय कुठे अवघडतात, ब्रेक दाबल्यावर शरीर कुठे सरकते, हे अन्य कोणत्याही मार्गाने इतके नीट कळणार नाही.

आता दुरुस्तीकडे वळू. अ‍ॅव्हेंजरचे वजन सुमारे १६३ किलो आहे, म्हणजे साठ किलोची व्यक्ती मागे बसली, तर गाडीच्या वजनाच्या एक तृतीयांशाहून अधिक भार वाढतो आणि तो बहुतांशी मागच्याच चाकावर पडतो. मागच्या दोन्ही शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या तळाशी खाचांची कडी असते. ती हुकासारख्या पान्याने फिरवून स्प्रिंगला अधिक दाब द्यावा आणि दोन्ही बाजूंची खाच सारखीच ठेवावी. यामुळे स्प्रिंग अधिक ताठ होत नाही, तर भाराखाली दबलेली गाडी पुन्हा मूळ उंचीवर येते आणि खड्ड्यात शॉकअ‍ॅब्सॉर्बर तळाला आपटण्याचे प्रमाण घटते. हे न केल्यास आणखी दोन गोष्टी घडतात. पुढचा दिवा वर रोखला जाऊन समोरच्या वाहनचालकाचे डोळे दिपतात, आणि आधीच कमी उंचीवर असलेले पायाचे दांडे वळणावर लवकर रस्त्याला घासतात. मागच्या टायरमधील हवेसाठी माहितीपुस्तिकेत एकट्यासाठी आणि दोघांसाठी वेगवेगळे आकडे दिलेले असतात. निघताना, टायर थंड असताना, दोघांसाठीचा आकडा पाहूनच हवा भरावी. पंपावरच्या मुलाच्या अंदाजावर हे सोडू नये.

वाईहून पसरणीचा घाट चढताना इंजिनाला कष्ट पडतील, पण खरी परीक्षा परतीच्या उतारावर आहे. या गाडीचा मागचा ब्रेक ड्रमचा आहे आणि पूर्ण उतारभर त्यावर पाय ठेवून राहिल्यास तो तापून त्याची पकड कमी होते. म्हणून खालच्या गिअरमध्ये राहून इंजिनानेच वेग आवरावा, आणि ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना, पुढचा व मागचा मिळून हळूहळू दाबावा. दोघांच्या भाराने थांबायला अंतर जास्त लागते, हे लक्षात घेऊन पुढच्या वाहनापासूनचे अंतर वाढवावे. ब्रेक एकदम दाबला, तर पत्नीचे शरीर आपल्या पाठीवर येईल, तोल जाईल आणि दोघांची हेल्मेटे एकमेकांवर आदळतील.

बसण्याच्या पद्धतीबद्दल आम्ही स्पष्ट लिहितो. गावातल्या गावात जायचे असेल, तर एका बाजूला बसणे समजू शकते. घाटात ते टाळावे. तसे बसल्यावर गुडघ्यांनी गाडीला धरता येत नाही, शरीराचा भार डावीकडे राहतो आणि अ‍ॅव्हेंजर क्रूझची मागची टेकू-पाठ (बॅकरेस्ट), जी या गाडीची मोठी सोय आहे, ती पाठीऐवजी खांद्याच्या बाजूला येते. सलवार-कमीज किंवा पँट घालून, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसल्यास तीच टेकू-पाठ कंबरेला आधार देईल. साडीगार्ड मात्र काढू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला आधार आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे आवरण, या तिन्ही गोष्टी गाडीला असाव्याच लागतात. ओढणीची टोकेही बांधून ठेवावीत.

पत्नी गाडीवर चढताना आपण दोन्ही पाय जमिनीवर टेकून पुढचा ब्रेक दाबून धरावा, आणि "बस" असे म्हटल्यावरच तिने डावीकडून, आपल्या खांद्याचा आधार घेऊन चढावे. आसन जमिनीपासून अवघे ७३७ मिलिमीटर असल्याने आपले पाय पक्के टेकतात, आणि छोट्या क्रूझरचा हा गुण येथे फार उपयोगी पडतो. वळणावर तिने आपल्याबरोबरच झुकावे, उलट बाजूला तोल सावरायला जाऊ नये, हे घरूनच सांगावे. दर पाऊण तासाने थांबावे, आणि थांबण्याची वेळ तिने ठरवावी.

प्रश्न : याच प्रकारच्या गाडीवर आमच्या तीन वर्षांच्या मुलीला मागे बसवून नेता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू असलेल्या नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला नेताना त्याला चालकाशी बांधणारा सुरक्षापट्टा आणि त्याच्या मापाचे हेल्मेट आवश्यक आहे, तसेच वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा. मोठ्यांसाठी बनवलेली टेकू-पाठ एवढ्या लहान मुलीला धरून ठेवू शकत नाही, म्हणून टेकू-पाठीला पट्ट्याचा पर्याय समजू नये. आई मागे बसेल आणि मुलगी मध्ये, हा तिसऱ्या माणसाचा विचारही करू नये. मोटार वाहन कायद्याचे कलम १२८ चालकाखेरीज एकाच व्यक्तीला परवानगी देते. ताशी ४० च्या वेगाने महामार्गावर ट्रकांच्या मधून जाणे धोक्याचे असल्याने पट्टा असला, तरी मुलीला घराजवळच्या रस्त्यांपुरतेच न्यावे, आणि नाशिकबाहेर जायचे झाल्यास एस.टी. किंवा रेल्वेने जावे.