डिसेंबरात मालवणला पहिल्यांदाच समुद्रात पोहणार आहे. पाणी फार गार असतं का?

पाणी नाही हो, गार लागतो तो पहाटेचा मतलई वारा, बाहेर आल्यावर ओल्या अंगाला. आपल्याकडे हिवाळ्यातही पाणी २७-२८ अंशांच्या आगेमागे असतं. श्वास कोंडणारा धक्का साधारण १५ अंशांखालच्या पाण्यात बसतो. ते दुखणं इंग्लंड-आयर्लंडकडचं.

तरी थेट उडी नको. कमरेइतक्या पाण्यात थांबा, मानेवर पाणी मारा, मग किनाऱ्याला समांतर सुटा. मी मालवणच्या चिवला किनाऱ्यावर पहिल्यांदा उतरलो तेव्हा सवयीने तळाशी पोहण्याच्या तलावातली काळी रेघ शोधत होतो! मान वर केली तर समोर भलतीच होडी.

खरी भीती ओढीची, म्हणजे माणसाला आत समुद्राकडे खेचणाऱ्या प्रवाहाची. लाटा फुटत नाहीत अशी मधलीच शांत पट्टी दिसली तर तिथे उतरू नका. सापडलातच तर किनाऱ्याला समांतर, आडवे पोहा. ओहोटीची वेळ किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना विचारा.