सट्ट्याच्या उधारीचा चेक आणि तुमची हिशोबाची वही

प्रश्न : वकीलसाहेब, मी बार्शीत एका आडत दुकानावर हिशोब लिहायला आहे. दोन सीझन आयपीएलवर मल्टी (अनेक पैजा एकत्र बांधलेल्या, सगळ्या बरोबर आल्या तरच पैसे) खेळलो. ओळखीच्या एका एजंटाने व्हॉट्सॲपवर बेटिंगची आयडी दिली, उधारीवर लिमिट दिलं, हिशोब दर सोमवारी. तारण म्हणून सही केलेला कोरा चेक घेतला. मी शिस्तीत खेळणारा माणूस आहे : रक्कम ठरलेली, चार टॉसची एक मल्टी, प्रत्येकीची वहीत नोंद. काही मल्टी दुकानात चौघांनी बसून लावल्या. तरी ६२,५०० अंगावर आले. त्याने चेकवर ३,८०,००० भरून बँकेत टाकला, तो परत गेला, आणि ११ तारखेला मला वकिलाची नोटीस मिळाली. त्यात ‘हातउसने घेतलेले पैसे’ असं लिहिलंय. मित्र म्हणतो, चेकबुक हरवल्याची तक्रार मागची तारीख टाकून दे. एजंट म्हणतो, दहा माणसं आयडीवर आण, चेक फाडून टाकतो. मला जेल होईल का? पुण्याच्या रेसकोर्सवर जॅकपॉट चालतो, मग आमचीच मल्टी बेकायदा कशी? एक मोठी मल्टी नीट अभ्यास करून लावली तर हे फिटेल का? आणि ही वही घरात ठेवू की जाळू?

उत्तर : वही जाळू नका. बाकीचं नंतर बोलू.

तुम्ही पाठवलेले पानांचे फोटो मी दोनदा पाहिले. आडतीवरचा हात लगेच ओळखू येतो. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, दर सोमवारी खाली दुहेरी रेघ. एका सोमवारी लिहिलंय, ‘हिशोब १८,४०० देणे. फोनपे ५,०००. बाकी पुढे ओढली.’ ज्या शिस्तीचा तुम्हाला अभिमान आहे तिने सट्ट्यात एक रुपया वाचवला नाही, पण या खटल्यात ती तुमच्या कामाला येणार आहे.

कारण असं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार शून्य असतो, म्हणजे पैजेत जिंकलेली रक्कम कोर्टातून वसूल होत नाही. आपल्याकडे याच्याही पुढचा एक जुना कायदा आहे, मुंबई प्रांताचा १८६५ चा. बाकीच्या बऱ्याच राज्यांत पैज शून्य असली तरी तिच्या अनुषंगाने दिलेलं कर्ज किंवा केलेली दलाली वसूल होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये घेरूलाल पारख खटल्यात सांगितलं. जुन्या मुंबई इलाख्यात मात्र या १८६५ च्या कायद्यामुळे असे अनुषंगिक व्यवहारही शून्य. सोलापूर जिल्हा त्या इलाख्यातलाच. म्हणून एजंटाच्या नोटिशीत आयपीएलचा उल्लेख नाही, ‘हातउसने’ आहे. खरं लिहिलं असतं तर त्याचा दावा तिथेच संपला असता.

आता चेकच्या कायद्याचं, म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियमाचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८. चेक न वटल्याचा गुन्हा ठरायला मागे कायद्याने वसूल होणारं देणं असावं लागतं. पण ते देणं होतंच असं कोर्ट आधी गृहीत धरतं (कलम १३९), आणि नव्हतं हे दाखवायचं ओझं तुमच्यावर येतं. ‘चेक कोरा होता, आकडा त्याच्या अक्षरात आहे’ एवढ्यावर सुटका होत नाही. बीर सिंग खटल्यात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की स्वखुशीने सही करून दिलेल्या कोऱ्या चेकलाही हे गृहीतक लागतं. ‘वीस हजारांवर रोख कर्ज देताच येत नाही, केस पडणार’ हा कट्ट्यावरचा सल्लाही विसरा. २०२५ मध्ये गोव्यातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मुद्दा निकालात काढला आहे. आयकराचा नियम मोडला म्हणून देणं बुडत नाही.

दिलाशाची गोष्ट ही की हे गृहीतक उलटवायला तुम्हाला संशयातीत पुरावा द्यावा लागत नाही. रंगप्पा (२०१०) आणि बसलिंगप्पा (२०१९) या निकालांनी ठरवून दिलंय की आरोपीची गोष्ट जास्त संभाव्य वाटली तरी पुरे. समोरच्याची पैसे देण्याची ऐपत होती का, त्याने ते कधी, कुठे, कोणासमोर दिले, हे उलटतपासात विचारता येतं. इथे वही उपयोगी पडते. एकटी वही म्हणजे तुम्हीच तुमच्यासाठी लिहिलेलं, तिला कोर्ट फार भाव देणार नाही. पण वहीतल्या ‘फोनपे ५,०००’ ला त्याच दिवशीची बँक स्टेटमेंटमधली ५,००० ची नोंद जुळली, आणि त्याच सोमवारी एजंटाचा ‘१८४०० क्लियर कर’ हा मेसेज निघाला, तर तीन ठिकाणी तोच आकडा आला. हातउसन्या कर्जाची परतफेड मॅचच्या वेळापत्रकाप्रमाणे दर सोमवारी कमीजास्त होत नसते, हे न्यायाधीशाला वेगळं सांगावं लागत नाही.

शिवाय ई-कोर्टच्या साइटवर एजंटाचं नाव टाकून बार्शी आणि सोलापूरच्या कोर्टांत त्याने अशा किती तक्रारी केल्यात ते शोधा. पाच-सात निघाल्या तर मजा आहे. सगळे हातउसने म्हणाला तर तो विनापरवाना सावकार ठरतो. मग महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सहायक निबंधकांकडे तक्रारीची वाट मोकळी होते. आणि सावकार नाही म्हणाला तर मग हे सगळे कोण, ते त्यालाच सांगावं लागेल.

जेलबद्दल. कलम १३८ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गुन्हा जामीनपात्र आहे, आपसात मिटवताही येतो. उद्या पोलिस दारात येणार नाहीत, समन्स येईल. पण खटला चालू असताना चेकच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई भरायला कोर्ट सांगू शकतं. तुमच्या बाबतीत ती ७६,००० पर्यंत जाते, तुमच्या मूळ ‘देण्या’पेक्षा जास्त. म्हणून नोटिशीचं उत्तर पहिल्या दिवसापासून नीट असायला हवं.

त्या उत्तरात सट्टा हा शब्द लिहायचा की नाही, हा तुमच्या प्रकरणातला खरा नाजूक भाग. मी म्हणेन लिहायचा. सट्टा लपवून तुम्ही फक्त ‘पैसे घेतले नाहीत’ म्हणालात, तर तुमच्याकडे चेक का दिला याचं उत्तर उरत नाही. धोका आहे, पण तो मोजून घेऊ. आपल्या राज्याचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. त्याचा रोख मुख्यतः अड्डा चालवणारा, अड्ड्यावर सापडणारा आणि सार्वजनिक जागी खेळणारा यांच्यावर आहे. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झालेल्या केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात शिक्षा आहेत त्या खेळ चालवणाऱ्याला, त्याची जाहिरात करणाऱ्याला आणि पैसे फिरवणाऱ्याला. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. पण तुम्ही लिहिलंय की काही मल्टी दुकानात चौघांनी बसून लावल्या. ते वाक्य उत्तरात येता कामा नये, आणि पुन्हा तसं बसूही नका, तुमचा मालक फुकट गोत्यात येईल. उत्तरात एवढंच यावं : नोटीस देणारा ऑनलाइन बेटिंगच्या आयडी देतो, चेक त्या उधारीचं तारण म्हणून घेतला, कर्ज कधीच नव्हतं, आकडा त्याने नंतर भरला. मसुदा तुमच्या वकिलाकडून करून घ्या, माझा हा कागद चिकटवू नका.

मित्राचा सल्ला धोक्याचा आहे. चेक एजंटाच्या हाती दिला हे व्हॉट्सॲपवर आहे, आणि मागच्या तारखेची तक्रार खोटी ठरली की वहीवरचाही विश्वास उडेल. एजंटाचा प्रस्ताव त्याहून वाईट. आज तुम्ही गिऱ्हाईक आहात, दहा माणसं आणलीत की तुम्ही एजंट. भारतीय न्याय संहितेचं कलम ११२ टोळीने चालवलेल्या बेकायदा सट्ट्याला किमान एक वर्ष आणि कमाल सात वर्षं कैद सांगतं. त्याचा तो मेसेज मात्र जपून ठेवा, ‘चेक फाडतो’ हे त्याने स्वतः लिहिलंय. घरी येऊन दमदाटी केली तर त्याच संहितेचं कलम ३५१ आहे, ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

रेसकोर्सचं थोडक्यात. तिथला जॅकपॉट म्हणजे पाच शर्यतींचे विजेते एकाच तिकिटावर सांगणं, ट्रेबल म्हणजे तीन. मल्टीच, तुमचं बरोबर आहे. पण ती शर्यत १९१२ च्या परवाना कायद्याखाली चालते, पैसे टोटॅलिझेटरमध्ये (सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणारी यंत्रणा) जातात, आणि घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन खटल्यात ठरवलंय. तुम्ही लावत होता टॉस. टॉसमध्ये कौशल्य कोणाचं, नाणं उडवणाऱ्याचं?

आता मोठ्या मल्टीचा प्रश्न. हा कायद्याचा नाही, पण तुमची वही समोर आहे म्हणून बेरीज केली. पहिल्या ४६ मल्टी सारख्या आहेत : हजार रुपये, चार टॉस, प्रत्येकाचा भाव ९० पैसे, म्हणजे रुपयामागे ९० पैसे नफा. चार टॉस बरोबर यायची शक्यता सोळात एक. भाव खरा असता तर हजाराचे १६,००० मिळायला हवेत. ९० पैशांनी मिळतात १३,०३२. एका टॉसवर बुकी शेकडा पाच खातो, चार एकत्र बांधले की तेच साडेअठरा होतात. मल्टीत नफा गुणला जातो तसा बुकीचा कटही गुणला जातो. ४६ मधून तुमच्या ३ लागल्या, म्हणजे हिशोबाने लागायला हव्यात तितक्याच, किंचित जास्तच. गेले ४६,०००, आले ३९,०९६. नशीब तुमच्या विरुद्ध नव्हतं, शिस्तही मोडली नव्हती, आणि तरी सात हजार गेले. ‘एकच टॉस हुकला’ असं तुम्ही पाच ठिकाणी लाल शाईने लिहिलंय. चारपैकी नेमका एक टॉस हुकण्याची शक्यता चारात एक असते, ते तसंच होणार होतं. ४७व्या मल्टीपासून रक्कम दोन हजार, मग पाच, मग दहा. ६२,५०० तिथून आलेत. पुढची मोठी मल्टी म्हणजे त्याच पानावरची पुढची ओळ. आणि चुकून लागलीच, तर ते पैसे एजंटाकडून तुम्ही कोणत्या कोर्टात वसूल करणार? कलम ३० त्यालाही तेवढंच उपयोगी आहे.

तर आता करायचं ते. वहीची पानं फाडायची नाहीत, नवीन वहीत सुवाच्य उतरवायची नाहीत, खाडाखोड आहे तशी राहू दे. फोन रीसेट करू नका, विकू नका. चॅट कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन असला की ते सोपं जातं. एजंटाने ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करण्याआधी आजच चॅट एक्स्पोर्ट करा. बँकेतून दोन्ही सीझनचं शिक्क्याचं स्टेटमेंट घ्या. एजंटाला यापुढे एक रुपयाही पाठवू नका, ‘थोडे देतो, थांब’ असा मेसेजही नको, तो देणं कबूल केल्यासारखा वाचला जातो.

नोटीस ११ ला मिळाली, म्हणजे पंधरा दिवस २६ ला संपतात. त्यानंतर त्याला तक्रार करायला एक महिना आहे. उत्तर २४ पर्यंत स्पीड पोस्टाने गेलं पाहिजे. पोस्टाची पावती त्याच वहीत ठेवा, शेवटच्या दुहेरी रेघेखाली.