इंग्लंडला सेवेसाठी निघालेल्या दादांना

दादा, सलाम. बँकेतली कायमची नोकरी, राजारामपुरीत फ्लॅट, वहिनी नर्स, मुलगी दहा वर्षांची, आणि इंग्लंडमधली एक छोटी मंडळी, म्हणजे चर्च, तुम्हाला पाळक (पास्टर) म्हणून बोलावतेय. जावं का, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापूरचीच, पाळकाची बायको. असंच सगळं सोडून इथे इंग्लंडला आले, म्हणून लिहिल्याशिवाय राहवेना.

व्हिसाचे नियम सरकारी साइटवर आहेत. तिथे नसलेलं सांगते. आमच्या मुलीच्या जन्मदाखल्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर आडनावच नाही. एवढ्यावरून प्रतिज्ञापत्रं, भाषांतरं, हेलपाटे. महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये आमचे हे फाईल उशाखाली घेऊन झोपायचे. सगळ्यांची नावं आत्ताच एकसारखी करून घ्या.

शाळेचं तर नीट ऐका. इथे वर्ग वयावरून ठरतो आणि अकराव्या वर्षी मूल माध्यमिक शाळेत जातं. त्या शाळेचा अर्ज आदल्या वर्षीच्या 31 ऑक्टोबरपर्यंत भरायचा, जागा 1 मार्चला कळते. आम्ही उतरलो नोव्हेंबरात. घरासमोरची शाळा भरलेली, लेकीला दोन बस बदलून जावं लागलं. कोल्हापुरात इंग्लिश मीडियमला शिकलेली पोर, तिला इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या टेबलाशी बसवलं. ती वर्गात बोलायचीच बंद झाली. आता कॉलेजात आहे, तिला त्याचं काही वाटत नाही. मला अजून वाटतं.

पैशाचं थोडक्यात. मानधनात घर चालतं, शिल्लक पडत नाही. राहायचं घर मंडळीचं, सेवा संपली की किल्ली परत द्यायची. राजारामपुरीतला फ्लॅट विकू नका, कुणी कितीही विश्वासाच्या गोष्टी सांगितल्या तरी. एकटेपणा असतो, सवय होते.

आता खरं सांगायचं ते. पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाचं बोलावणं, ह्यांना झालं. मी वॉर्ड सांभाळणारी सिस्टर होते. इथे नोंदणीसाठी इंग्रजीची परीक्षा, मग संगणकावरची, मग प्रात्यक्षिक. तोवर वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालायचं काम केलं. त्या कामाची मला लाज नाही. पण हे चर्चमध्ये साक्ष देताना ‘आम्ही सगळं सोडलं’ म्हणतात, तेव्हा मंडळी ह्यांच्याकडे बघते आणि मी मान खाली घालते. देव माझ्याशी कधी बोलला, हे मला कुणी विचारलेलं नाही. बायबलात उत्पत्तीच्या 12 व्या अध्यायात देव अब्रामाला निघ म्हणतो, त्याची बायको साराय काय म्हणाली ते लिहिलेलं नाही. आपल्या अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेबांचंही तसंच. 1852 साली ते कोल्हापुरात मिशनचं काम सुरू करायला आले, पुढे त्यांना पाठवणाऱ्या मिशन बोर्डाने हात काढून घेतला तरी पुन्हा कोल्हापुरातच परतले. बाईसाहेबही बरोबर होत्या, मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये तिथेच जन्मला. वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये लहानपणापासून साहेबांचं ऐकलं, बाईंच्या मनाचं कुणी सांगितलं नाही.

ह्यांचं पाचारण खरं आहे, याबद्दल मला शंका नाही. इथे मरणाच्या दारातली माणसं रात्री-अपरात्री ह्यांना बोलावतात आणि हे जातात. माझ्या पाचारणासाठी मी अजून प्रार्थना करते. हे मी ह्यांनाही बोललेले नाही.

तुमच्या पत्रात ‘मला’ पुष्कळ वेळा आलंय, वहिनींचं नाव कुठेच नाही. हे त्यांना वाचायला द्या आणि उत्तर त्यांनाच लिहू द्या. नर्सिंगच्या परीक्षांचं काय काय लागतं ते मी त्यांना सविस्तर सांगेन, रविवार सोडून कधीही.