हेल्म चार्टमध्ये, म्हणजे कुबरनेटीसवर अ‍ॅप बसवायच्या यामल फाइलींच्या साच्यात, हेल्परमधून आणलेल्या लेबलांचं इंडेंट (ओळीआधीची मोकळी जागा) का बिघडतं?

म्हणजे तुम्ही डिप्लॉयमेंट आणि सर्विस दोन्हीकडे तीच लेबलं परत परत टाइप करायला नकोत म्हणून हेल्पर फाइलमध्ये डिफाइन केलीत, टेम्प्लेट लिहून बोलावलीत, आणि पहिली ओळ जागेवर पण बाकीच्या सगळ्या डावीकडे सरकल्या, बरोबर ना?

टेम्प्लेट वापरू नका, इन्क्लूड वापरा. टेम्प्लेट हे गो भाषेतलं फंक्शन नाहीये, अ‍ॅक्शन आहे, ते ब्लॉक आहे तसा तिथे ओतून मोकळं होतं, त्याच्यापुढे पाइप लावून, म्हणजे निकाल पुढच्या फंक्शनला देऊन, काही करता येत नाही. इन्क्लूड तोच ब्लॉक स्ट्रिंग म्हणून हातात देतं, मग पाइप लावून एनइंडेंट करायचं. नुसतं इंडेंट नको, एनइंडेंट आधी नवी ओळ टाकतं आणि मग प्रत्येक ओळीला स्पेस देतं, त्यामुळे लेबल्सच्या कोलनपुढे त्याच ओळीत लिहिता येतं आणि फाइल वाचायलाही बरी दिसते. डिप्लॉयमेंटमध्ये वरच्या मेटाडेटाला 4, सिलेक्टरच्या मॅचलेबल्सला 6 आणि पॉडच्या लेबलांना 8, हेल्पर एकच असला तरी आकडा जागेप्रमाणे बदलतो.

आणि इन्क्लूडला नावानंतर टिंब, म्हणजे हेल्परला लागणारा चालू डेटा, द्यायला विसरू नका. रेंजच्या, म्हणजे लूपच्या, आत असाल तर तिथे डॉलर द्या, कारण आत टिंब म्हणजे त्या लिस्टमधला चालू आयटम होतो आणि हेल्परला व्हॅल्यूज, रिलीज काहीच सापडत नाही.

आता एक गोष्ट मनापासून सांगते, कारण मी यात अख्खी संध्याकाळ घालवलीये. मी सगळ्या लेबलांचा एकच हेल्पर केला होता, त्यात अ‍ॅपचं व्हर्जनपण होतं, आणि तोच सिलेक्टरलाही लावला. पहिलं इन्स्टॉल मस्त झालं. व्हर्जन बदलून अपग्रेड मारलं तर फील्ड इम्यूटेबल म्हणून एरर, कारण डिप्लॉयमेंटचा सिलेक्टर एकदा बनला की बदलता येत नाही, शेवटी ते डिप्लॉयमेंट उडवून परत बनवावं लागलं. म्हणून सिलेक्टरचा हेल्पर वेगळाच ठेवा, त्यात फक्त नाव आणि इन्स्टन्स. हेल्म क्रिएट केल्यावर येणाऱ्या फाइलमध्ये तो आधीच वेगळा असतो, पसारा वाटला तरी काढू नका.

हेल्परच्या नावाआधी चार्टचं नावही लावा, ही नावं सबचार्टसकट (चार्टच्या आतले चार्ट) ग्लोबल असतात, दोन सारखी झाली तर शेवटी लोड झालेलं चालतं आणि एररही येत नाही.

बदल केल्यावर आधी टर्मिनलमध्ये हेल्म टेम्प्लेट चालवून तयार यामल बघा, क्लस्टरला हात लावायच्या आधीच कळतं.