फ्रीझरमधली व्हायल लगेच उघडू नकोस

गोव्यात, ताळगावच्या पठारावर जूनपासून हवा किती दमट असते, ते तुला सांगायला नको. फ्रीझरमधून काढलेली पेप्टाइडची (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीची) व्हायल, म्हणजे छोटी बाटली, आधी डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेव, खोलीच्या तापमानाला येऊ दे, मगच झाकण उघड. थंड पूड लगेच ओल धरते, वजन चुकतं आणि मग पुढचं सगळंच.

आपोआप जुळून रचना करणाऱ्या पेप्टाइडवरच्या कामाची सुरुवात डायफेनिलअॅलनिनपासून (दोन फेनिलअॅलनिन जोडून झालेल्या पेप्टाइडपासून) करतेस ते बरं. रेचेस आणि गाझित यांनी 2003 मध्ये त्याच्या नॅनोट्यूब (अतिसूक्ष्म नळ्या) दाखवल्या, तेव्हापासून त्यावर भरपूर काम झालंय. पण 'या ट्यूब फार पक्क्या' हे ऐकून भुलू नकोस. कोरड्या असताना 100 अंश सेल्सिअसची उष्णता सोसणाऱ्या या ट्यूब भरपूर पाण्यात टाकल्या की चक्क विरघळतात. ट्यूब आणि द्रावणातले सुटे रेणू यांचा समतोल असतो. पाणी वाढवलंस की ट्यूबमधले रेणू सुटायला लागतात. तेव्हा धुताना हात आखडता घे.

पेप्टाइडचा एचएफआयपी या सेंद्रिय द्रावकातला स्टॉक (दाट मूळ द्रावण) दर वेळी ताजा कर, आणि तोही फ्यूम हुडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात).

एफमॉक हा रासायनिक गट लावलेल्या पेप्टाइडचं जेल पीएचवर नाचतं. अल्कधर्मी द्रावणात कार्बॉक्सिल गटांवर ऋण भार असतो, रेणू एकमेकांना ढकलतात. पीएच उतरला की तंतू जुळतात. विकतच्या पेप्टाइडमध्ये बऱ्याचदा टीएफए (ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्ल) उरलेलं असतं, ते पीएच गुपचूप खाली ओढतं. त्यामुळे बफरच्या बाटलीवरचा आकडा वहीत उतरवू नकोस, पेप्टाइड विरघळल्यावर मोज.

आणि एसईएमचा (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा) सुंदर फोटो वाळलेल्या नमुन्याचा असतो. वाळतानाही रचना बनतात. द्रावणात काय आहे ते आधी सीडीवर (सर्क्युलर डायक्रोइझम या प्रकाशाच्या मोजणीवर) बघ.