सुशीला खाल्ली की दहालाच भूक का लागते?

प्रश्न : मॅडम, आमच्याकडे सकाळी घाईत सुशीलाच होते, मुरमुरे भिजवले, फोडणी दिली, झालं. आमचे हे ती खाऊन कारखान्यात मागावर जातात आणि दहा वाजले की भूक भूक, मग चहा बिस्किट नायतर गाड्यावरची भजी. पण रात्रीची भाकरी, शेंगाचटणी आणि दही खाऊन गेले की डब्याच्या सुट्टीपर्यंत काही लागत नाही म्हणतात. पोट तर दोन्हीनं भरतं, मग हे असं का? मुलगी म्हणते सगळं ग्लायसेमिक इंडेक्समुळे होतं. (एक गृहिणी, अशोक चौक)

उत्तर : ताई, मुलीचं बरंचसं बरोबर आहे, फक्त ते ‘सगळं’ तेवढं नाही.

आधी ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे जीआय, हा आकडा येतो कुठून ते बघा. टोरांटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली. एखाद्या पदार्थातून बरोबर ५० ग्रॅम पचणारी कर्बोदकं जातील एवढा तो पदार्थ खायला द्यायचा, पुढचे दोन तास रक्तातली साखर मोजत राहायची, आणि तेवढ्याच ग्लुकोजनं ती जेवढी वाढते त्याला १०० धरून तुलना करायची. ५५ पर्यंत कमी, ७० आणि वर जास्त, मधलं मध्यम. म्हणजे हा आकडा साखर किती जोरात वाढते ते सांगतो, भूक त्यात कुठेच मोजलेली नसते.

पण भुकेचा त्याच्याशी संबंध आहे, आणि तो साखर चढते तिथे कमी आणि नंतर उतरते तिथे जास्त आहे. मुरमुरे म्हणजे आधी शिजवलेला आणि मग गरम वाळूत फुगवलेला तांदूळ, त्यातला स्टार्च इतका मोकळा झालेला असतो की तो पचायला वेळच लागत नाही. साखर भरकन वर जाते, साखर खाली आणणारं इन्सुलिन जोरात येतं, आणि काही जणांची साखर दोन-तीन तासांनी खाण्याच्या आधी होती त्याच्याही खाली जाते. २०२१ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी इतरांबरोबर केलेला हजारापेक्षा जास्त लोकांचा अभ्यास आला, त्यात हेच दिसलं की साखर किती वर गेली यापेक्षा दोन-तीन तासांनी ती किती खाली गेली यावरून पुढची भूक जास्त ओळखता येते. ज्यांची साखर जास्त खाली जायची त्यांना लवकर भूक लागायची आणि ते दिवसभरात साधारण ३०० कॅलरी जास्त खायचे. आणि मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे एकच नाश्ता असूनही प्रत्येकाची साखर वेगवेगळी वागत होती, त्यामुळे तुमच्या घरात एकाला दहाला भूक लागते आणि दुसऱ्याला एक वाजेपर्यंत लागत नाही यात खोटं कुणीच बोलत नाही.

त्याआधी १९९९ मध्ये अमेरिकेत जाड असलेल्या १२ मुलांवर छोटा प्रयोग झाला होता. सारख्याच कॅलरीचं जेवण, एकदा झटपट होणाऱ्या ओट्सचं आणि एकदा जाडसर कापलेल्या ओट्सचं, साखरही दोन्हींत वेगळ्या प्रकारची. झटपटवाल्या दिवशी मुलांनी नंतर निम्म्याहून जास्त, म्हणजे ५३ टक्के जादा खाल्लं. मुलं फक्त १२ होती, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला बांधू नये, पण धान्य तेच असलं तरी त्याचं काय करून खाल्लं यानं फरक पडतो हे त्यातून कळतं.

आता तुमची भाकरी. ज्वारीत शंभर ग्रॅमला साधारण १० ग्रॅम प्रथिनं आणि तेवढाच चोथा असतो, शिजल्यावर तिच्यातली प्रथिनं स्टार्चला अशी धरून बसतात की पचन सावकाश होतं. त्यात शेंगदाण्याचं तेल आणि दही आलं की जेवण पोटातून पुढे सरकायलाच वेळ लागतो. शिवाय एक साधी गोष्ट आपण विसरतो, सुशीलाची प्लेट भरलेली दिसते पण मुरमुरे हवेनं फुगलेले असतात, वजनाला ते जेमतेमच असतात, म्हणजे तुमचे हे मुळात कमीच खाऊन मागावर आठ तास उभं राहतायत! दहाची भूक त्यांची खरी आहे, तिला हावरटपणा म्हणू नका.

सुशीला बंद करायची गरज नाही. डाळ्याचं कूट सढळ हातानं घाला, शेंगदाणे घाला, सोबत वाटीभर मटकीची उसळ नायतर अंडं आणि वर ताक. आठवडाभर करून बघा आणि दहा वाजता काय होतं ते त्यांनाच विचारा, मोबाईलवरचा जीआयचा तक्ता ते सांगू शकणार नाही.

प्रश्न : बटाट्याचा जीआय जास्त म्हणून मी सहा महिने बटाटा सोडलाय, पण वजन जागचं हललं नाही. आईस्क्रीमचा मात्र जीआय कमी लिहिलाय, ते चालेल का? (एक विद्यार्थी, विजापूर रोड)

उत्तर : अरे नाही! आईस्क्रीमचा आकडा कमी येतो तो त्यातल्या फॅटमुळे, फॅटनं पचन सावकाश होतं, साखर आणि कॅलरी जिथल्या तिथेच राहतात.

आणि बटाट्यावर तर फार अन्याय होतो. सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ३८ पदार्थ घेऊन, प्रत्येकाचा २४० कॅलरीचा वाटा देऊन, पोट किती भरल्यासारखं वाटतं ते दोन तास मोजलं. पांढऱ्या ब्रेडला १०० धरलं तर पहिला नंबर उकडलेल्या बटाट्याचा, ३२३, आणि शेवटचा क्रोसाँ म्हणजे लोण्याच्या पापुद्र्याच्या पावाचा, ४७. जीआय जास्त असूनही बटाटा सगळ्यात पुढे, कारण त्यात पाणी भरपूर, त्यामुळे तेवढ्या कॅलरीला ताटात ढीगभर येतो. पण हे उकडलेल्याचं, वेफर्स आणि भजीतल्या बटाट्याला ते लावू नकोस. वजनाचं म्हणशील तर कमी जीआयच्या आहारानं ते आपोआप उतरतं असं ठामपणे दिसलेलं नाही, चाचण्यांचे निकाल मिश्र आहेत, फरक पडला तरी थोडाच. तेव्हा बटाट्याची भाजी खा, भाकरीबरोबर खा, आणि संध्याकाळी नेमकं काय काय तोंडात जातं ते आधी बघ.

प्रश्न : कडक भाकरी मऊ भाकरीपेक्षा चांगली का? शुगरवाल्यांनी किती खावी? (एक वाचक, होटगी रोड)

उत्तर : काका, पीठ तेच, त्यामुळे कर्बोदकंही तीच. कडक भाकरीला चावायला वेळ लागतो, सावकाश खाल्लं की कमी जेवणात समाधान होतं, हा तिचा खरा फायदा. पण ती वाळलेली असते, हाताला हलकी लागते, म्हणून गप्पा मारत दोनच्या तीन कधी होतात कळत नाही, तेव्हा मोजूनच घ्या. किती ते तुमच्या गोळ्या आणि कामावर आहे, ते डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : मला डायबेटिस आहे, गोळी चालू आहे. कधी कधी जेवायच्या आधी एकदम भूक लागते, घाम येतो, हात थरथरतात. कमी जीआयचं म्हणून मी शेंगदाणे खाते. बरोबर आहे का? (एक आजी, नवी पेठ)

उत्तर : आजी, हे मात्र आजच बदला. ही साधी भूक नसावी, साखर खाली गेल्याची खूण असू शकते. ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना असं होतं. त्या वेळी सावकाश पचणारं काहीही उपयोगाचं नाही, शेंगदाणे नकोत, भाकरी नको, चॉकलेटसुद्धा नको कारण त्यात फॅट असतं. मशीन हाताशी असेल तर मोजा, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच प्या, १५ मिनिटांनी परत मोजा, अजून कमीच असेल तर परत तेवढंच. मशीन नसेल तर मोजायची वाट न बघता साखर घ्या. बरं वाटलं की मग भाकरी-भाजी काय ते जेवा. घरातल्यांनाही हे सांगून ठेवा, बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. आणि असं किती वेळा होतं, कुठल्या वेळी होतं ते कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या, गोळीचा डोस कमी करावा लागेल का ते त्यांना त्यावरूनच ठरवता येईल. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका.