३० फुटांवरच्या काचा जमिनीवरून धुवायला वॉटर-फेड पोल (नळीतून टोकाच्या ब्रशपर्यंत पाणी नेणारी, उघडमिट होणारी लांब काठी) कोणता घ्यावा, ग्लास फायबर की कार्बन?

रोजचं काम असेल तर कार्बन फायबरचाच घ्या. महिन्यातून एखाद-दुसरं काम असेल तर दोन्हींचं मिश्रण असलेला हायब्रिड पुरतो. हा माझा रोजचा धंदा आहे, त्यावरून सांगतो: एवढ्या उंचीवर वजनाइतकाच त्रास वाकण्याचा होतो. ग्लास फायबरचा पोल पूर्ण उघडला की मधोमध लवतो, ब्रश काचेवर नीट दाबला जात नाही आणि तो सावरता सावरता खांदे भरून येतात. म्हणून घेताना मिटलेला पोल तोलून बघू नका (मिटलेला कुठलाही हलकाच वाटतो). ब्रश आणि नळी लावून, पूर्ण उघडून भिंतीला टेकवून पाहा. क्लॅम्प (पोलचे उघडलेले भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या पकडी) सुटे मिळतात ना, तेही विचारा, आधी झिजतात ते तेच. लांबी गरजेपेक्षा थोडीशीच जास्त असू द्या.

मात्र जवळून विजेच्या तारा जात असतील तर कार्बन अजिबात नको, त्यातून वीज वाहते. ओल्या ग्लास फायबरचाही भरवसा नाही. अशा जागी पोल उभारूच नका.